हात मोडलाय का, असं कुणी विचारलं तर

‘सर, नमस्कार. मी साताऱ्याची, वय ३८, एका पतसंस्थेत काउंटरवर असते. नववीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती, त्यानंतर पेन्सिल सुटली ती सुटलीच. दोन वर्षांपूर्वी मुलीला एलिमेंटरीला बसवलं. तिचे रंग आणता आणता माझाच हात शिवशिवायला लागला. तेव्हापासून यूट्यूबवर बघून जलरंग करते. घरच्या ग्रुपवर चित्र टाकलं की ‘अप्रतिम’, ‘हातात जादू आहे’ असं येतं. पण गेल्या दिवाळीतलं चित्र आणि अलीकडचं चित्र शेजारी ठेवलं तर मला काडीचा फरक दिसत नाही. सहा महिने झाले, रविवारी बाहेर जाऊन चित्रं काढणाऱ्या एका ग्रुपबरोबर जाते. मागे वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर गेलो होतो. शेवटी सगळ्यांनी आपापली चित्रं पायरीवर मांडली. माझ्या चित्रात धुणं धुणारी बाई होती. एक काका म्हणाले, ‘ताई, हिचा हात मोडलाय का?’ सगळे हसले, मीही हसले. पण त्याला तीन आठवडे झाले, ब्रश धुऊन ठेवलेत ते तसेच आहेत. सराव नेमका कसा करायचा असतो? आणि ऐकायचं कुणाचं, घरच्यांचं की काकांचं? सोबत तीन चित्रांचे फोटो पाठवते.
– कोरा कागद’

ताई,

हात मोडलेलाच दिसतो. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही ‘सर समजूत घालताहेत’ म्हणून वाचाल.

मात्र तो मोडलाय कुठे, हे काकांना दिसलेलं नाही. तुमचा फोटो मी मोठा करून बराच वेळ बघितला. बाई दगडावर पुढे वाकलीय, उजवा हात आपल्या दिशेने येऊन कपड्यावर दाबलाय. माणूस असा वाकला की खांदा पुढे येतो आणि खाली उतरतो, कधी कधी हनुवटीसुद्धा त्याच्या आड जाते. तुम्ही खांदा ठेवलात तो ताठ उभ्या बाईचा, आणि वरून पदर घालून झाकून टाकलात. पदराखाली काय चाललंय ते तुमचं तुम्हालाच कळेनासं झालं. मग त्या खांद्यातून निघालेला हात दगडापर्यंत पोचेना, म्हणून कोपरापुढचा भाग ओढून लांब केलात. प्रत्यक्षात आपल्याकडे येणारा हात आखूड दिसतो. मूठ मोठी दिसते आणि कोपर तिच्या मागे जवळजवळ लपतं. तुम्ही तो पुरत्या लांबीचा काढलात, कारण माणसाचा हात केवढा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. चित्रातल्या निम्म्या चुका या ठाऊक असण्यातून होतात.

आपल्याकडे येणारी वस्तू अशी आखूड दिसते, त्याला आम्ही फोरशॉर्टनिंग म्हणतो. नाव जड आहे, गोष्ट घरात बसून कळण्यासारखी आहे. सकाळचा पेपर गुंडाळून त्याची नळी करा, वर रबर चढवा. एक डोळा मिटून ती नळी दुसऱ्या डोळ्यासमोर हातभर लांब धरा, तोंड थेट डोळ्याकडे. नुसतं वर्तुळ दिसेल, नळीची लांबी गायब. आता मागचं टोक हळूहळू खाली न्या. तोंडाचं वर्तुळ चपटं होत जाईल आणि खाली नळीचं अंग थोडं थोडं उगवायला लागेल. दर खेपेला थांबून एक रेखाटन करा. पाच नळ्या, पाच-सात मिनिटांचं काम. मग मुलीला समोर खुर्चीवर बसवा, हात गुडघ्यावर टेकवून पंजा तुमच्याकडे. तिच्या हातात तीच कागदी नळी बघायची. हातात दोन बांगड्या असतील तर काम आणखी सोपं होतं, कारण बांगडी किती गोल दिसते त्यावरून हात किती आपल्याकडे वळलाय ते कळतं. तुमच्या धुणाऱ्या बाईच्या हातात पाच-सहा बांगड्या आहेत आणि सगळ्या आडव्या सरळ रेघा आहेत. मला वाटतं हात मोडला तो तिथेच. काकांच्या डोळ्याला बांगड्या खटकल्या असणार, तोंडातून निघालं हाताबद्दल.

लोकांच्या सूचनांचं बहुतेक वेळा असंच असतं. दुखतंय कुठे ते रोगी बरोबर सांगतो. अपेंडिक्स आहे की गॅस, ते त्याला विचारायचं नसतं. चित्र बघणाऱ्याने ‘इथे काहीतरी खटकतंय’ म्हटलं की तिथे किंवा त्याच्या आसपास काहीतरी असतंच, हे मी शाळेत ३२ वर्षं बघत आलोय. तोच माणूस पुढे ‘हात जरा बारीक करा’, ‘इथे थोडा निळा मारा’ असं औषध सांगायला लागला की ऐकून घ्यावं, मान डोलवावी आणि घरी येऊन आपलं आपण तपासावं. काकांनी सांगितलं म्हणून तुम्ही कोपरावर रबर फिरवत बसला असतात तर खांदा तसाच राहिला असता आणि हात दुसऱ्या ठिकाणी मोडला असता.

हसण्याचं दुःख मात्र मी हलकं करणार नाही. पुढ्यात मांडलेल्या चित्राला लोक हसले की अंगातून एक कळ जाते, ती साठीतही जाते. व्हॅन गॉगचं उदाहरण देतो, कारण तिथेही हातच होता. ‘बटाटे खाणारे’ हे त्याचं चित्र तुम्ही पाहिलं असेल, दिव्याखाली जेवायला बसलेलं शेतकरी कुटुंब. १८८५ मध्ये त्याने या चित्राची शिळाछाप प्रत अँथॉन फान राप्पार्ड या चित्रकार मित्राला पाठवली. दोघांची मैत्री पाच वर्षांची. राप्पार्डने उत्तरात सालं काढली. उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं आहेत की नाहीत, आणि त्याचा हात एवढा आखूड का, अशी सरबत्ती. व्हॅन गॉगने ते पत्र जसंच्या तसं परत पाठवून दिलं. पुढे काही महिने पत्रं चालली, पण मैत्री त्यातून उठली नाही. आता गंमत अशी की त्याच उन्हाळ्यात त्याने शेतात खणणारी, कापणी करणारी, वाकलेली माणसं मोठमोठ्या कागदांवर काढली आणि ती अंगाने भरलेली आहेत, पाठ, कंबर, गुडघा, सगळं जागच्या जागी. राप्पार्डवर तो रागावला, पण मुद्दा त्याला लागला होता असं मला ती रेखाटनं बघताना वाटतं. तुम्हीही काकांवर खुशाल रागवा. राग आणि मुद्दा वेगवेगळ्या खिशात ठेवता आले म्हणजे झालं.

आता घरच्यांचं ‘अप्रतिम’. ते खोटं नसतं, पण त्याचा चित्राशी संबंध थोडा. पाहुणा जेवून उठताना ‘छान झालं होतं हं’ म्हणतो, आमटीत मीठ कमी होतं हे सांगायला तो आलेला नसतो. ग्रुपवर टाकायचं थांबवू नका, त्यात आनंद आहे. पण सुधारणेसाठी त्यावर विसंबू नका. आणि दोष सगळा त्यांचाही नाही. आपण विचारतो काय? ‘कसं झालंय?’ याला ‘मस्त’ याशिवाय दुसरं उत्तर सभ्य माणूस कसं देणार? प्रश्न बदलून बघा. ‘बाई पुढे झुकल्यासारखी वाटते का, की नुसती बसलीय?’ ‘या पायऱ्या खाली उतरताहेत की भिंतीसारख्या उभ्या आहेत?’ ‘पहिल्यांदा नजर कुठे गेली?’ अशा प्रश्नाला तुमच्या सासूबाईसुद्धा चोख उत्तर देतील, त्यांनी आयुष्यात ब्रश धरला नसला तरी. उलट त्यांनी धुणी धुतली असतील, तर वाकलेल्या बाईचा खांदा कुठे असतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

माझ्या वर्गात मागच्या भिंतीवर दर शनिवारी चित्रं टाचणीने लावायचो. एकच नियम होता: ‘छान’ आणि ‘घाण’ हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. पहिले दोन शनिवार वर्ग मुका. मुलांकडे दुसरे शब्दच नव्हते. तिसऱ्या शनिवारी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, ‘सर, हिच्या बैलाचे चारी पाय एकाच बाजूला आहेत.’ वर्ग हसला, ती मुलगीही हसली, पण ती चित्रासाठी हसली, आणि पुढच्या शनिवारी तिने नऊ बैल काढून आणले. त्यातले दोन चालत होते. दुसरा नियम मी नंतर घातला: ज्याचं चित्र आहे त्याने आधी बोलायचं नाही. चित्रकार आधी बोलला की ‘घाईत काढलंय’, ‘कागद चांगला नव्हता’, ‘ऊन फार होतं’ सुरू होतं आणि बघणारे तेच ऐकत बसतात. तुम्ही सगळे मिळून घाटाच्या पायरीवर चित्रं मांडता ती पद्धत उत्तम आहे. पुढच्या खेपेला चित्रापासून दोन-तीन पावलं मागे उभे राहून बघा. चित्र मांडीवर घेऊन दीड फुटावरून पाहिलं की बारकावे दिसतात आणि मोठी चूक निसटते.

आणखी एक, हे जरा आग्रहाने सांगतो. तुमच्या चित्रावर दुसऱ्याला पेन्सिल चालवू देऊ नका. मी ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करत असताना आमच्या एका सरांनी माझ्या व्यक्तिचित्रातलं नाक खोडून स्वतः काढून दिलं. ते चित्र प्रदर्शनात लागलं, नाकाचं कौतुक झालं आणि पुढे दोन वर्षं मला नाक काढता येईना. प्रत्येक नाकाशी मी सरांचं नाक आठवत बसायचो. कुणाला काढून दाखवायचंच असेल तर चित्रावर बटर पेपर ठेवा, नाहीतर बाजूच्या समासात काढू द्या. दुरुस्ती बघायची, मग ती बाजूला ठेवून पुन्हा समोरची वस्तू बघायची.

मग ऐकायचं कुणाचं? तीन माणसं पुरतात. तुमच्यापेक्षा चांगलं काढणारं एक, तुमच्याच पातळीचं एक, आणि चित्रातलं काही न कळणारं पण डोळे उघडे असलेलं एक. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर वाद घालू नका. एकट्याने ठेवलं तर नोंद करा आणि थांबा. आणि चौथा तुमच्या घरात आहेच, आरसा. चित्र आरशात उलटं बघितलं की आपली सवयीची चूक परक्यासारखी समोर येते. लिओनार्दोने चित्रकारांना हेच सांगून ठेवलंय. हल्ली फोनमध्ये फोटो उलटवता येतो, तेही चालतं.

सरावाकडे येतो. तुम्हाला फरक दिसत नाही याचं पहिलं कारण साधं आहे: दिवाळीतल्या पणत्या आणि अलीकडचा तांब्या शेजारी ठेवून फरक दिसणार कसा? एकाच वस्तूचं चित्र काही आठवड्यांनी पुन्हा काढलं तर मोजमाप करता येतं. दुसरं कारण यूट्यूब. मी त्याच्या विरोधात नाही, आमच्या वेळी असतं तर आम्हीही रात्रभर बघत बसलो असतो. पण व्हिडिओ लावून त्याबरोबर काढलेलं चित्र हे फोनवर मॅप लावून चालवलेल्या गाडीसारखं असतं. पोचता बरोबर, रस्ता लक्षात राहत नाही. सावली कुठे गडद करायची, काय गाळायचं, कुठे थांबायचं, हे सगळे निर्णय त्या समोरच्या माणसाने घेतलेले असतात. तुमचा सराव होतो तो हाताचा. डोळा बसून राहतो.

तिसरं कारण तुमची ए ग्रेड. रागावू नका. त्या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात ब्रश दिला, हे उपकार मोठे आहेत आणि माझी भाकरीही त्यावरच चालली. पण स्मरणचित्राच्या पेपरसाठी आम्ही मास्तर लोक पोरांकडून ठरावीक माणसं घोटून घेत होतो. फुगेवाला असा, डोक्यावर पाटी घेतलेली बाई अशी, पाठमोरं मूल असं. तुमच्या घाटावरच्या बाईत मला ती पाटीवाली बाई स्पष्ट दिसते, नुसती खाली बसवलेली. वीस वर्षांनंतरही हाताला तीच आठवते. ती विसरायला समोर बसलेली खरी माणसं लागतात, आणि ती तुमच्या काउंटरपुढे रोज बाकावर बसलेली असतात. जेवणाच्या सुट्टीत दोन-दोन मिनिटांची रेखाटनं करा, रद्दीतल्या पाठकोऱ्या कागदांवर. डोकं, खांद्यांची तिरकी रेघ, पाठीचा कणा, बूड कुठे टेकलंय, बस्स. चेहरा काढायचा नाही. माणूस हलला तर त्याच कागदावर दुसरं सुरू करा. थोड्या वेळाने तो पुन्हा पहिल्यासारखा बसतो, माणसाच्या बसण्याच्या दोन-तीनच तऱ्हा असतात. कुणाच्या लक्षात आलं तर हसून कागद दाखवा. बहुतेकजण खूश होतात, एखादा म्हणतो ‘मी एवढा म्हातारा दिसतो?’

रविवारी जी एक चूक हाती लागेल तिला सोमवार ते शनिवार द्यायचे. फक्त तिलाच. या रविवारची चूक हात असेल तर आठवडाभर नळी आणि मुलीचा हात. रंग नाही, पायऱ्या नाहीत, आकाश नाही. रोज वीस मिनिटं खूप झाली. कागदाच्या मागे तारीख आणि कोण काय म्हणालं ते एका ओळीत लिहून ठेवा. बिघडलेलं चित्र दुरुस्त करत बसू नका, तेच नव्याने काढा. दुरुस्त केलेलं चित्र फार तर कमी वाईट होतं.

हात झाला की तांब्या घ्या, कारण तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या तांब्याला गंमतशीर आजार आहे. तोंड छान गोलाकार, वरून आत डोकावता येईल असं, आणि तळ मात्र एकदम सपाट रेघ. टेबलावर बसलाय म्हणजे तळ सपाट असणार, हेही आपलं ठाऊक असणंच. तांब्या टेबलावर ठेवा आणि उठून उभ्या राहा, मग खुर्चीवर बसा, मग हळूहळू खाली वाका, डोळे तांब्याच्या काठाच्या रेषेत येईपर्यंत. उभं राहिल्यावर तोंडाचं लंबवर्तुळ चांगलं फुगलेलं असतं. खाली येता येता ते चपटं होतं आणि काठ बरोबर डोळ्यासमोर आला की नुसती रेघ उरते. त्या क्षणीही तळाकडे बघा. तळ डोळ्यांच्या आणखी खाली आहे, म्हणून त्याचा पुढचा काठ वाकलेलाच दिसतो. वस्तू डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली, तितकं लंबवर्तुळ फुगीर. म्हणजे तुमच्या चित्रात तळाची कड तोंडापेक्षा जास्त वाकायला हवी होती. दहा दिवस रोज एक तांब्या. लोक हसतील, हसू देत.

मेणवलीच्या पायऱ्यांची गोष्टही हीच आहे, फक्त दगडाची. तुम्ही घाटावर खाली पाण्याजवळ बसून वाड्याच्या बाजूला वर बघत होतात, असं चित्रावरून दिसतं. तुमच्या डोळ्याच्या पातळीखालच्या दोन-तीन पायऱ्यांचा वरचा सपाट भाग दिसतो, जिथे पाय ठेवतो तो. पातळीच्या वरच्या पायऱ्यांचा तो भाग दिसूच शकत नाही, फक्त उभी बाजू दिसते, एकावर एक रचलेली. तुम्ही तळापासून वरपर्यंत प्रत्येक पायरीला वरचा सपाट भाग दिलात, त्यामुळे घाट कुणीतरी गच्चीवरून काढल्यासारखा झाला आणि बाई मात्र जमिनीवरून. बसल्या बसल्या पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरायची, ती समोर कुठल्या पायरीवर येते ते बघायचं आणि कागदावर तिथे आधी एक फिकी रेघ मारायची. ही रेघ मारली नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे. पुन्हा तिथेच जाऊन त्याच पायरीवर बसून काढा. नाना फडणवीसांचा वाडा कुठे पळून जात नाही.

पणत्यांबद्दल थोडं. त्या उजळत नाहीत, म्हणून तुम्ही पिवळा वाढवत गेलात, मग नारिंगी, मग वरून पांढरा. उजेड रंगात नसतो, भोवतीच्या काळोखात असतो. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे, आणि उभी राहिली होती त्यांची मुलगी. त्यातला दिव्याचा भाग झाकून बाकीचं बघा, किती गडद आहे ते कळेल. जलरंग वाळला की फिका पडतो, हे आपण दर वेळी विसरतो, म्हणून ओला असताना ‘बाप रे, फार झालं’ असं वाटेल इतका लावायचा. डोळे किलकिले करून बघायची सवय लावा, किंवा फोनवर चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. तुमच्या पणत्यांचा मी केला. सगळा कागद एकाच राखाडीचा निघाला.

साहित्यासाठी फार खर्च करू नका, पण कागदाला करा. तुमचा कागद वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, दिल्यावर फुगून डबकी धरतोय, फोटोतही दिसतं. तो पातळ कार्ट्रिज असावा, पेन्सिलला ठीक, पाण्याला नाही. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरेल अशा जाड कागदाचा एक मोठा ताव घ्या आणि कापून आठ तुकडे करा, साधारण साडेसात बाय अकरा इंचांचे. लहान कागदावर भीतीही लहान होते. रंग अर्धवट ओला असताना पुन्हा त्यात ब्रश घालू नका. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडतात ते त्यामुळेच. उन्हात बसल्यावर चहा प्या तेवढ्या वेळात.

येत्या रविवारी जा. काकांच्या शेजारीच बसा, लांब बसलात तर ती कळ आणखी महिनाभर पुरेल. चित्र मांडायची वेळ आली की त्यांनी तोंड उघडण्याआधी तुम्हीच विचारा, ‘काका, हिचा खांदा बघा बरं, पदराखाली आहे का?’ ते काय म्हणाले ते कागदाच्या मागे लिहा. आणि महिन्याने मला तांब्ये पाठवाल तेव्हा सगळे पाठवा, पहिल्या दिवसाचासुद्धा, तळ सपाट असलेला.

– तुमचा,
चित्रकलेचा मास्तर